न्यू जर्सी: डिस्ट्रिक्टमधल्या एकुलत्या मिडल स्कूलचा गणिताचा निकाल घसरलाय, किती मनावर घ्यायचं?

कोयनाकाठ
एका छोट्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (एकाच स्कूल बोर्डाखाली येणारा सरकारी शाळांचा भाग) घर घ्यायचा विचार आहे. अख्ख्या डिस्ट्रिक्टला एकच मिडल स्कूल, सहावी ते आठवी. राज्याच्या परफॉर्मन्स रिपोर्टनुसार आठवीच्या गणितात अपेक्षित पातळी गाठणारी मुलं एका वर्षात ६२ टक्क्यांवरून ४९ टक्क्यांवर आली. दोन्ही वर्षी परीक्षेला मुलं ४५. इंग्रजीत विशेष फरक नाही. घरांच्या साइटवर शाळेचं रेटिंगही उतरलेलं दिसतं. शाळा खरंच घसरतेय का, हे कसं ओळखायचं? मुलगी पुढच्या वर्षी सहावीत जाईल.

आकडेमोड
आधी टक्क्यांची मुलं करा. ६२ टक्के म्हणजे २८ मुलं, ४९ टक्के म्हणजे २२. फरक सहा मुलांचा. ४५ जणांत एक मूल म्हणजे सव्वादोन टक्के. एवढ्या छोट्या संख्येत, शिकवण्यात काडीचा फरक नसतानाही, एका वर्षीची आठवी आणि पुढच्या वर्षीची आठवी यांच्यात दहाएक टक्क्यांचं अंतर सहज पडतं. १३ हा आकडा त्यापेक्षा थोडाच मोठा आहे. तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. तीन वर्षांची मुलं एकत्र करून टक्केवारी काढली की हा हेलकावा बराच कमी होतो.

दुसरं, पातळ्यांची विभागणी बघा. एनजेएसएलए या राज्याच्या परीक्षेत पाच पातळ्या असतात आणि ७५० गुणांना चौथी, म्हणजे अपेक्षित पातळी लागते. ७४८ वाला आणि ६८० वाला, दोघेही 'न गाठलेल्यां'तच मोजले जातात. ती सहा मुलं चौथ्या पातळीऐवजी तिसऱ्या पातळीत, म्हणजे ७२५ ते ७४९ मध्ये आली असतील तर गोष्ट किरकोळ. पहिल्या पातळीचा गठ्ठा वाढला असेल तर मात्र काळजी करा.

आणि रिपोर्ट तिरका वाचा: दोन वर्षांपूर्वीची सहावी, गेल्या वर्षीची सातवी, यंदाची आठवी. ही बरीचशी तीच मुलं. आठवीची तुलना आधीच्या आठवीशी केली तर दोन वेगळ्या घोळक्यांची तुलना होते. फार मागे जाऊन आलेख बघणार असाल तर २०२० आणि २०२१ च्या वसंतात ही परीक्षा झालीच नव्हती, हे ध्यानात ठेवा.

फळा_खडू
वरचं सगळं बरोबर, पण आठवीच्या गणितात यापेक्षा मोठी मेख आहे. न्यू जर्सीत आठवीतच अल्जिब्रा वन (एरवी हायस्कूलमध्ये येणारं बीजगणित) घेणारी मुलं आठवीच्या गणिताचा पेपर देत नाहीत, अल्जिब्राचा देतात. म्हणजे 'मॅथ ८' च्या आकड्यातून गणितात पुढे असलेली मुलं आधीच वजा झालेली असतात. अल्जिब्राचा वर्ग मोठा केला की मॅथ ८ चा निकाल आपोआप पडतो. इंग्रजीचा पेपर सगळ्या आठवीला एकच, म्हणून तिथे हलचल दिसत नाही. त्या दोन वर्षांत आठवीत एकूण मुलं किती होती?

कोयनाकाठ
आधीच्या वर्षी ५८, नंतर ६३. हे लक्षातच आलं नव्हतं. बाकीच्यांनी अल्जिब्राच दिलाय: १३ आणि १८.

फळा_खडू
मग हिशेब सोपा आहे. अल्जिब्राची सगळी मुलं पास धरू (रिपोर्टमध्ये अल्जिब्राची वेगळी ओळ असते, तिथून खात्री करून घ्या). आधी २८ अधिक १३, म्हणजे ५८ पैकी ४१, ७१ टक्के. नंतर २२ अधिक १८, म्हणजे ६३ पैकी ४०, साधारण ६३ टक्के. तेरा टक्क्यांची घसरण सात-आठवर आली. इतर राज्यांतून येणाऱ्यांचा इथेच घोटाळा होतो. कॅलिफोर्नियात आठवीतली मुलं अल्जिब्रा शिकत असली तरी आठवीचाच पेपर देतात, त्यामुळे दोन राज्यांचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. पास होण्याची रेषाही प्रत्येक राज्याची वेगळी.

१८ जणांना अल्जिब्रा मिळणं ही माझ्या मते चांगली खूण आहे, पण त्यांचे अल्जिब्राचे गुण चांगले असतील तरच. नुसती मुलं ढकलून वर्ग मोठा केला असेल तर नववीत जॉमेट्रीला ते बाहेर येतं.

गावकुसाबाहेर
रेटिंगबद्दल: त्यात निकालाचा वाटा मोठा, आणि निकाल घरच्या परिस्थितीशी घट्ट बांधलेला. शाळा किती शिकवते हे ग्रोथमधून जास्त कळतं. राज्याचा रिपोर्ट 'मीडियन ग्रोथ पर्सेंटाइल' देतो. आधी सारखेच गुण असलेल्या राज्यभरच्या मुलांच्या तुलनेत हे मूल किती पुढे गेलं, त्याचा मधला आकडा. ५० म्हणजे राज्याच्या मध्यावर. छोट्या शाळेत हाही हलतो. तीन वर्षं सलग ४० च्या खाली असेल तर शाळेत काहीतरी बिघडलंय असं समजा. स्टॅनफर्डच्या एज्युकेशनल ऑपर्च्युनिटी प्रोजेक्टच्या नकाशावरही तिसरी ते आठवीची प्रगती डिस्ट्रिक्टनिहाय दिसते.

मात्र छोट्या डिस्ट्रिक्टची खरी नाडी स्कूल बोर्डाच्या मीटिंगच्या अजेंड्यात सापडते. तो जाहीर असतो. 'पर्सोनेल' या भागात कोण सोडून गेलं, कुणाच्या जागी लाँग टर्म सब्स्टिट्यूट (तात्पुरता बदली शिक्षक) नेमला, सगळं लिहिलेलं असतं. सातवी-आठवीचं गणित एक-दोनच शिक्षकांच्या हातात असतं. त्यातला एक ऑक्टोबरात गेला की अख्ख्या इयत्तेचं वर्ष लंगडं होतं. मागच्या दोन वर्षांचे अजेंडे चाळायला एक संध्याकाळ पुरते, आणि ७१ वरून ६३ टक्क्यांवर येण्याचं कारण बहुधा तिथेच निघेल.

क्रॉनिक ॲब्सेंटीइझमही बघा. १० टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर, म्हणजे १८० दिवसांच्या वर्षात १८ दिवस. हा आकडा निकालाच्या आधी हलायला लागतो.

प्रिन्सिपलना भेटाल तेव्हा एवढं विचारा. गणिताला रोज किती मिनिटं? (४० मिनिटांचा तास म्हणजे वर्षाला १२० घड्याळी तास, ८० मिनिटांचा ब्लॉक असेल तर २४०.) अल्जिब्राची निवड कधी आणि कशावर होते, पाचवीच्या शेवटी की सहावीच्या? अल्जिब्राचा एकच वर्ग असेल तर तो बँड किंवा ऑर्केस्ट्राच्या वेळेवर आदळतो का? छोट्या शाळेत हे सर्रास होतं आणि मूल दोहोंपैकी एकाला मुकतं. डिस्ट्रिक्ट आठवीपर्यंतचंच असेल तर पुढच्या हायस्कूलच्या गायडन्स ऑफिसला फोन करून विचारा, की या शाळेतून अल्जिब्रा करून आलेल्यांना थेट जॉमेट्रीत बसवता, की अल्जिब्रा परत करायला लावता?