मदत हवी आहे: प्रॉडक्ट मॅनेजमेंट शिकतेय, पण काय बनवायचं हे ठरवताना चुकतेय

नमस्कार. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कोड लिहायला आवडतंच, पण काय बनवायचं हे ठरवण्यात जास्त रस आहे, म्हणून चार महिने प्रॉडक्ट मॅनेजमेंटबद्दल वाचतेय. रोडमॅप (पुढच्या कामाचा आराखडा), बॅकलॉग (करायच्या कामांची यादी), यूजर स्टोरी (वापरणाऱ्याच्या शब्दांत त्याची गरज), एमव्हीपी (कमीत कमी सोयींचं पहिलं रूप) हे शब्द आता कळतात. कुठलं फीचर आधी करायचं हे ठरवायचं राइसचं (RICE) गणितही येतं: किती जणांपर्यंत पोचेल, किती फरक पडेल आणि आपल्याला किती खात्री आहे यांचा गुणाकार करायचा, मग लागणाऱ्या मेहनतीने भागायचं.

आता अडचण सांगते. मैत्रिणीबरोबर एक अ‍ॅप केलं, वर्गातल्या मुलांनी नोट्स आणि जुन्या प्रश्नपत्रिका एकमेकांना द्याव्यात म्हणून. आधी फॉर्म फिरवला: "असं अ‍ॅप असेल तर वापराल का?" ५२ पैकी ४७ जण हो म्हणाले. सात फीचर्सची यादी केली, राइसने क्रम लावला, दोन महिने खपलो. ६१ जणांनी अ‍ॅप घेतलं. तिसऱ्या आठवड्यात ते उघडणारे चौघे उरले, त्यात आम्ही दोघी. विचारलं तर सगळे म्हणतात, "छान आहे की!" फार लागलं मनाला.

ते ४७ जण खोटं बोलले असं मला वाटत नाही. मग चुकलं कुठे? आणि हे शिकायचं कसं? सर्टिफिकेट कोर्स करावा का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

विद्यार्थिनी आहेस म्हणून एकेरीत लिहितेय, चालेल ना?

तुझा फॉर्मच बघ. "वापराल का?" हा भविष्याबद्दलचा प्रश्न आहे. समोरचा माणूस अशा वेळी तुझं मन राखतो, आणि स्वतःबद्दलही जरा चांगलंच समजून उत्तर देतो. झालेल्या गोष्टीबद्दल विचार. "मागच्या वेळी नोट्स लागल्या तेव्हा काय केलंस? कुणाला विचारलंस? किती वेळ गेला? मोबाइलमध्ये दाखवतेस?" अ‍ॅपचं नावही काढायचं नाही. त्यांनी आजवर ज्यासाठी काहीच खटपट केलेली नाही, ती अडचण बहुधा तुला वाटते तेवढी मोठी नाही.

आणि राइसमध्ये खात्रीच्या रकान्यात काय भरलं होतंस? माझा अंदाज, फॉर्मच्या जोरावर ८० किंवा १०० टक्के. तिथला आकडा पुराव्यावर ठरतो. नुसत्या होकाराला मी ५० पेक्षा जास्त देणार नाही. बाकीचं गणित कितीही नीट केलं तरी हा आकडा फुगला की क्रम चुकतो.

तिसऱ्या आठवड्यात किती जण परत आले हे तू मोजलंस, ते मात्र फार चांगलं केलंस. बरेच जण डाउनलोड मोजून थांबतात.

प्रतिसाद २

कोर्सबद्दल: शब्द तुम्हाला येतातच, त्यामुळे आता पैसे घालवू नका. इंटर्नशिपच्या मुलाखतीत हीच गोष्ट आकड्यांसकट सांगा.

प्रॉडक्ट मॅनेजमेंटचं काम सॉफ्टवेअरच्या आधीचं आहे. १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये कॅमे साबणाच्या जाहिराती बघणारे नील मॅकेलरॉय यांनी तीन पानी टिपण लिहिलं, की प्रत्येक ब्रँडची जबाबदारी ठरावीक माणसांकडे हवी. त्या माणसाने काय करायचं? माल कुठे खपतो आणि कुठे नाही ते आकड्यांत पाहायचं, आणि जिथे खपत नाही तिथे स्वतः जाऊन दुकानदारांशी, गिऱ्हाइकांशी बोलायचं. तुमच्याकडे न खपलेला माल आहे आणि गिऱ्हाईक शेजारच्या बाकावर आहे. अभ्यासाला यापेक्षा चांगली संधी नाही.

प्रतिसाद ३

एक सावधगिरी. पाच जणांवर चाचणी केली की पुरे, असं तुम्ही वाचाल. वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या याचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांनी २००० साली ते लिहिलं ते स्क्रीन वापरताना लोक कुठे अडतात हे शोधण्याबाबत. वस्तू मुळात हवी का, हे त्यावरून ठरवू नका.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. ताई, अगदी बरोबर, खात्रीच्या रकान्यात ९० लिहिलं होतं!

चार दिवसांत सहा जणांशी बोलले, अ‍ॅपचा विषय न काढता. नोट्स मिळवणं कुणालाच जड जात नाही. ग्रुपवर मेसेज टाकला की दहा मिनिटांत फोटो येतात. सहापैकी पाच जणांना नोट्स आठवतात त्या परीक्षेच्या दोन-तीन दिवस आधी. खरा त्रास त्यानंतरचा आहे. एकीने मला ३८ फोटो दाखवले, नावं नाहीत, क्रम नाही. तिला हवं होतं एकच पान, ते शोधायला ती सगळे एकेक उघडत होती. दुसऱ्याने तर कंटाळून तो धडाच सोडून दिला होता. आमच्या सातपैकी एकही फीचर या त्रासाच्या जवळपास जात नाही.

मैत्रीण म्हणते, अ‍ॅपमध्ये शोधायची सोय करू. मी तिला थांबवलंय. एका विषयाच्या फोटोंची यादी आधी हातानेच करतोय, कुठल्या युनिटचं कुठलं पान कुठल्या फोटोत आहे, आणि ती साध्या शीटमध्ये ग्रुपवर टाकणार. परीक्षा १९ दिवसांवर आहे. आधीच्या तीन दिवसांत शीट किती जण उघडतात आणि दुसऱ्या विषयाची यादी कुणी आपणहून मागतं का, ते इथेच येऊन सांगते.