अर्क दिल्यावर डायएस्ट्रस लांबतो, पण इस्ट्रॅडिऑलचे आकडे जुळत नाहीत

रोहिणी_लॅब:
पपईच्या बियांचा ७०% इथेनॉलमधला अर्क, विस्टर उंदरांच्या माद्यांना तोंडावाटे २०० मिग्रॅ प्रति किलो, २१ दिवस. गटात ६ माद्या. डायएस्ट्रस (प्रजननचक्रातला निवांत टप्पा) लांबलेला स्पष्ट दिसतो, पण एलायझात (रक्तातलं संप्रेरक मोजायची चाचणी) इस्ट्रॅडिऑल हे स्त्री-संप्रेरक एकाच गटात प्रचंड विखुरलेलं. रक्त २२व्या दिवशी सगळ्यांचं एकदम घेतलं. कारण काय असावं?

बीजकोश:
कारण तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. चक्र ४-५ दिवसांचं असतं आणि प्रोएस्ट्रसमधलं (अंडं सुटण्याआधीचा टप्पा) इस्ट्रॅडिऑल एस्ट्रसपेक्षा (त्यानंतरचा माजाचा टप्पा) कितीतरी पट जास्त. त्या दिवशी कंट्रोलमधली (अर्क न दिलेल्या गटातली) प्रत्येक मादी वेगळ्या अवस्थेत असणार, मग सरासरीला अर्थ काय? तारीख सोडा, अवस्था धरा. २१ दिवस झाले की रोज सकाळी स्मिअर (योनीतल्या पेशींचा काचेवरचा नमुना) बघा आणि ज्या माद्या डायएस्ट्रसमध्ये असतील त्यांचंच रक्त सकाळी ठरलेल्या तासाला घ्या. तोवर डोस चालू ठेवा. एलएचची (अंडं सोडायला लावणाऱ्या संप्रेरकाची) उसळी हवी असेल तर प्रोएस्ट्रसची दुपार-संध्याकाळ. सकाळच्या नमुन्यात ती सापडणारच नाही.

स्मिअरवाला:
डायएस्ट्रस लांबला म्हणून लगेच अर्काला श्रेय देऊ नका. स्मिअर घेताना ड्रॉपरचं टोक खोल गेलं की गर्भाशयमुख उत्तेजित होतं आणि खोटी गर्भावस्था लागते. मग १२-१४ दिवस नुसत्या पांढऱ्या पेशी. टोक जेमतेम आत, सलाइनचा एक थेंब, बस्स. नुसतं वाहक (अर्काशिवायचं द्रावण) दिलेल्या गटातही असे दिवस दिसले तर दोष हाताचा. प्रोजेस्टेरॉनही तपासा, खोट्या गर्भावस्थेत ते वाढलेलं असतं. आणि डोस सुरू करण्याआधी सलग दोन चक्रं नियमित असलेल्याच माद्या निवडा.

मात्रा_मापक:
वजनाचा तक्ता टाका. कडवट अर्काने खाणं घटलं तर एलएच दबतं आणि चक्र तेवढ्यानेही बिघडतं. तितकंच कमी खाद्य दिलेला एक जादा गट ठेवा. खाद्यात सोयाबीन नको, त्यातले आयसोफ्लेव्होन स्वतःच इस्ट्रोजेनसारखे वागतात. २०० ग्रॅमच्या मादीला ४० मिग्रॅ, म्हणजे २ मिलित द्यायचं तर २० मिग्रॅ/मिलि. ०.५% सीएमसीत (अर्क मिसळायचं घट्टसर द्रावण) अर्क तळाशी बसतो, दर वेळी ओढण्याआधी हलवा. इथेनॉल पूर्ण उडालंय ना?

रोहिणी_लॅब:
उडालंय, वजन स्थिर होईपर्यंत वाळवलं. गर्भरोपणावरचा परिणाम बघायचा असेल तर?

बीजकोश:
प्रोएस्ट्रसच्या संध्याकाळी नराबरोबर ठेवा. स्मिअरमध्ये शुक्राणू दिसले तो दिवस १. डोस १ ते ७, दहाव्या दिवशी पोट उघडून गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांतली रोपणं मोजा. अंडाशयातली कॉर्पोरा ल्युटिया (सुटलेल्या अंड्यांच्या जागी तयार होणाऱ्या पिवळ्या गाठी) मात्र न चुकता मोजा. ती आणि रोपणं यातला फरक भागिले कॉर्पोरा ल्युटिया, गुणिले १००, हे रोपणपूर्व नुकसान. ती संख्या नसेल तर अंडं सुटलंच नाही की सुटून रुजलं नाही, हे सांगता येत नाही.