बेस गिटारसाठी कॅबिनेट घ्यायचंय: ४×१० घेऊ की दोन १×१२? मदत हवी आहे

चारतारी_पाचवी

नमस्कार मंडळी,

पुण्यात एका कव्हर बँडमध्ये बेस वाजवतो, हिंदी-मराठी गाणी, थोडं रॉक, आणि लग्नसराईत संगीतचे कार्यक्रम (खरं तर बँड त्याच पैशांवर चालतो). आत्तापर्यंत घरच्या प्रॅक्टिसचा छोटा कॉम्बोच (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत) स्टेजवर न्यायचो, नाहीतर साउंडवाला जो मॉनिटर देईल त्यात स्वतःला शोधत बसायचो. आमचा ड्रमर हाताने भारी आहे म्हणजे अक्षरशः भारी, पहिल्या अंतऱ्यानंतर मी काय वाजवतोय ते मला फक्त बोटांना कळतं.

आता मार्कबासचं लिटल मार्क थ्री हेड (नुसता अँप, स्पीकर नाही) सेकंडहँड मिळालंय. ४ ओहमला ५०० वॅट, ८ ओहमला ३०० वॅट, वजन तीन किलोच्या आसपास, गिग बॅगच्या खिशात जातं. प्रश्न कॅबिनेटचा आहे, म्हणजे त्याला जोडायच्या स्पीकरच्या पेटीचा (४×१० म्हणजे १० इंची चार स्पीकर, १×१२ म्हणजे १२ इंची एक).

परिस्थिती सांगतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. गाडी वॅगनआर, पण कीबोर्डवाला ॲक्टिव्हावर येतो त्यामुळे त्याचा कीबोर्ड आणि स्टँड माझ्याच गाडीत, मागची सीट पाडली तरी फार जागा उरत नाही. कार्यक्रम दोन प्रकारचे: लॉन्सवर पूर्ण पीए (पब्लिकसाठीची साउंड सिस्टीम) असतो, सब (खालच्या आवाजाचे स्पीकर), टॉप (वरच्या आवाजाचे), मॉनिटर सगळं, आणि कॅफे-बारमध्ये खांबावर दोन टॉप, त्यात फक्त गाणं आणि कीबोर्ड जातो, बेस माझा मी बघायचा. गिटार पाच तारांची आहे, म्हणजे खालचा बी (सगळ्यात जाड तारेचा सूर) पण हवा.

दुकानात एक ४×१० बघितलं, ४ ओहमचं, ८०० वॅट लिहिलंय, आवाज एकदम दणदणीत, पण दोघांनी उचलून टेबलावर ठेवलं तेव्हाच माझी पाठ बोलायला लागली. दुसरा पर्याय हलके १×१२, ८ ओहमचे, आत्ता एक आणि पुढेमागे दुसरा. गिटारिस्ट म्हणतो "१५ इंची घे, बेस म्हणजे १५च". आणि एक मित्र म्हणतो बुधवार पेठेतून स्पीकर आण आणि सुताराकडून बॉक्स बनव, निम्म्यात काम होईल. बजेट ४० हजारांपर्यंत, अगदीच पटलं तर थोडं वर. काय करू?

सोल्डरगन

आधी ओहमचा विषय मिटवू कारण तिथेच लोक फसतात. तुझं हेड कमीत कमी ४ ओहमला चालतं. ४ ओहमचं एक कॅबिनेट घेतलंस की दार बंद, त्याला दुसरं कधीच जोडता येणार नाही, कारण दोन ४ ओहम पॅरलल लावले की २ ओहम होतात आणि हेड प्रोटेक्शनमध्ये जाईल (स्वतःच बंद पडेल) किंवा उडेल. ८ ओहमचं घेतलंस तर आज एक, उद्या दोन, दोन मिळून ४ ओहम, तेव्हा पूर्ण ५०० वॅट मिळतात.

आता तू म्हणशील एकाच कॅबवर ३०० वॅटच मिळतात, २०० वाया गेले. गेले तरी फार काही जात नाही रे. ३०० वरून ५०० म्हणजे जेमतेम २.२ डेसिबल, गाणं चालू असताना कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण दुसरं कॅब जोडलंस की हे २.२ आणि वर दुप्पट स्पीकर एकत्र हवा ढकलतात त्याचे साधारण ३, मिळून पाचच्या आसपास. तो फरक मात्र ड्रमरलाही कळतो.

आणि कॅबिनेटवर लिहिलेले ८०० वॅट म्हणजे ते किती सहन करू शकतं तो आकडा, किती वाजतं तो नाही. वाजण्याचा आकडा म्हणजे सेन्सिटिव्हिटी, १ वॅटला १ मीटरवर किती डेसिबल. एक कॅब ९४ चं आणि दुसरं १०० चं असेल तर पहिल्याला दुसऱ्याइतकं वाजायला चौपट वॅट लागतात. दुकानदार हे कधी सांगत नाही, मागचं लेबल नाहीतर मॅन्युअल बघ.

१५ इंचीबद्दल: गिटारिस्टला सांग तू तुझे पेडल बघ. नुसत्या इंचावर खालचा आवाज ठरत नाही, बॉक्सचं आतलं आकारमान, पोर्ट (बॉक्सचं हवेचं भोक) कुठल्या फ्रिक्वेन्सीला ट्यून केलाय आणि स्पीकरचा कोन (हलणारा पडदा) किती पुढेमागे जाऊ शकतो यावर ठरतो. चांगलं १×१२ टुकार १५ पेक्षा खाली जातं. मोकळी ई तार ४१ हर्ट्झ, तुझी बी तार ३१ च्या जवळ. बहुतेक बेस कॅबचा आवाज त्याच्या बरंच आधी उतरायला लागतो आणि तरी आपल्याला सूर ऐकू येतो, कारण कान ८२, १२३ असे वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट) पकडून खालचा सूर स्वतःच भरून काढतो. लहान बॉक्स, खोल बेस आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हीतले दोनच एका वेळी मिळतात. जो विक्रेता तिन्ही देतो म्हणेल त्याच्या दुकानातून चहा पिऊन निघ.

जुना_ऑर्केस्ट्रावाला

सोल्डरगन यांचं तांत्रिक सगळं बरोबर, माझं थोडं स्टेजवरचं.

चारतारी, तुझं कॅबिनेट कुणासाठी आहे ते आधी ठरव. लॉन्सवर पब्लिकला तुझा बेस सबमधून जातो, डीआयमधून (हेडमधून थेट मिक्सरला जाणारी लाईन). तिथे कॅब फक्त तुझ्यासाठी आणि ड्रमरसाठी. १९६९ ला अँपेगचं एसव्हीटी आलं, ३०० वॅटचं ट्यूब हेड आणि खाली फ्रीजएवढं ८×१० कॅबिनेट, ते साठ किलोच्या वर भरतं. तेव्हा त्याची गरज होती, पीएमध्ये मुख्यतः गाणंच जायचं, मागच्या रांगेपर्यंत बेस स्टेजवरूनच पोचवावा लागायचा. आज तू ४×१० पुढे लावून मोठ्याने वाजवलंस तर साउंडवाला मिक्सरवर तुझा फेडर खाली ओढणार, मग पुढच्या दोन रांगांना नुसता तूच आणि मागे बेसच नाही. कितीदा तरी बघितलंय हे.

दुसरं. मंडपवाल्याचं स्टेज म्हणजे लोखंडी सांगाडा आणि वर प्लायवूड, आतून पोकळ. त्यावर कॅब थेट ठेवलंस की स्टेजच वाजायला लागतं, एखादाच सूर, साधारण जी किंवा ए, भस्सकन फुगतो आणि बाकीचे गायब. कॅब प्लास्टिकच्या खुर्चीवर नको (सरकते, पडली की संपलं), भक्कम लोखंडी स्टूल किंवा साउंडवाल्याची रिकामी केबलपेटी माग, वर जाड फोम टाक. दोन फायदे, स्टेज घुमत नाही आणि आवाज पोटऱ्यांऐवजी कानाला येतो. निम्म्या लोकांना मोठं कॅब नकोच असतं, उंचावर ठेवलेलं कॅब हवं असतं. कॅफेत उलटं कर, फरशी पक्की असते, तिथे खाली भिंतीला टेकवून ठेवलंस तर बेस फुकटात वाढतो.

तिसरं, त्या हेडवर व्हीपीएफ नावाचा नॉब आहे तो शून्यावर ठेव. ३८० हर्ट्झच्या आसपासचे मिड्स तो खाली पाडतो, घरी एकटा वाजवताना असं वाटतं वा काय टोन आहे, आणि बँड सुरू झाला की तू नाहीसच. मिड्स थोडे वर, बेसचा नॉब सरळ. तुला "ऐकू येत नाही" त्यातलं अर्धं दुखणं इथेच असेल.

पेठेतला_सुतार (आडनाव नाही, छंद आहे)

बॉक्स बनवण्याबद्दल. मी बनवलेत म्हणून सांगतो, पहिलं कॅब म्हणून बनवू नकोस. बुधवार पेठेत स्पीकर भरपूर मिळतात पण बरेचसे डीजेच्या बेसबॉक्ससाठीचे, ते १००-१५० हर्ट्झच्या खाली राज्य करतात आणि वर गेलं की सुस्त. बेस गिटारला बोटांचा, स्लॅपचा खटका यायला तीन-चार हजार हर्ट्झपर्यंत जावं लागतं. शिवाय स्पीकरचे पॅरामीटर्स हातात असल्याशिवाय बॉक्सचं माप आणि पोर्टची लांबी काढता येत नाही, आणि सुतार म्हणतो "साहेब दोन इंच कमी केलं, प्लाय वाचला". एमडीएफ तर अजिबात नको, जड असतो आणि पावसाळ्यात एका कार्यक्रमात कडा भिजल्या की फुगतो. प्लाय, आतून आडवे टेकू, कडांना लोखंडी कोपरे. एवढं सगळं करून निम्म्यात होत नाही रे, वेळ धरला तर मुळीच नाही.

कोकणरेल्वे

+१ दोन १×१२ ला. पण अजून एक पर्याय कुणी बोललं नाही, १२ इंची पॉवर्ड पीए टॉप घे आणि हेडच्या डीआयमधून त्यात टाक. गाण्यालाही वापरता येतो, विकायला निघाला तर गिऱ्हाईक लगेच मिळतं.

सोल्डरगन

कोकणरेल्वे, चालतं की, पण मग त्याने हेड घेतलं कशाला? त्याच्या हेडमधला पॉवर अँप बिचारा रिकामा बसणार. हेड नसतं तर मीही हेच सांगितलं असतं.

चारतारी_पाचवी

सगळ्यांचे आभार, एवढं दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.

हेड आणि गिटार घेऊन परत दुकानात गेलो होतो. लेबलं बघितली, ज्या १×१२ वर नजर होती ते ८ ओहम, निओडिमियम मॅग्नेटचं, एका हाताने उचललं आणि दुसऱ्या हातात गिटार होती. ४×१० शेजारी ठेवून वाजवलं तर ते जास्त वाजतं हे खरंय, खोटं कशाला बोलू. पण स्टुलावर १×१२ ठेवलं आणि व्हीपीएफ बंद केला तर मला माझाच हात नीट ऐकू आला, बी तारेवर थोडं पातळ वाटलं एवढंच. दुकानदार म्हणाला बेसचा नॉब वाढवा, वाढवला तर कोन फडफडायला लागला.

तर ठरलंय असं की आत्ता एक, सीझन संपल्यावर दुसरं. दोन प्रश्न राहिले. ती फडफड धोक्याची आहे का? आणि दोन झाल्यावर शेजारी-शेजारी ठेवू की एकावर एक? अजून एक, दुकानदार गिटारच्याच केबलने जोडत होता, तसं चालतं का?

सोल्डरगन

शेवटच्यापासून. नाही, अजिबात नाही. गिटारच्या केबलमध्ये आत एक बारीक वायर आणि भोवती जाळी असते, शेकडो वॅट त्यातून न्यायचे नसतात, तापते आणि शॉर्ट झाली की अँप जातो. स्पीकर केबल वेगळी, दोन सारख्या जाड वायरी, आणि शक्यतो दोन्हीकडे स्पीकॉन प्लग, फिरवून लॉक होतो, कुणी पाय अडकवला तरी निघत नाही.

फडफड म्हणजे कोन त्याच्या हद्दीबाहेर जातोय. पोर्टेड बॉक्समध्ये ट्यूनिंगच्या खालच्या सुरांना कोनला आतून आधार मिळत नाही, बी तारेला तेच होतंय. नॉब वाढवून ३१ हर्ट्झ येणार नाहीत, स्पीकर मात्र फाटेल. हाय-पास फिल्टरचं पेडल मिळतं, ३५-४० च्या खालचं काप, आवाज उलट मोकळा होतो. तोपर्यंत बेसचा नॉब मधल्या खुणेवर.

ठेवायचं एकावर एक, उभं. शेजारी ठेवलेत तर बाजूला उभ्या असलेल्या गिटारिस्टला वरचा आवाज कधी येणार कधी नाही. वरच्या कॅबचा ट्वीटर (वरच्या आवाजाचा छोटा स्पीकर) चालू, खालच्याचा त्याच्या नॉबने बंद.

जुना_ऑर्केस्ट्रावाला

आणि लॉन्सवर डीआय प्री-ईक्यूवर (टोनच्या नॉबांच्या आधीचा सिग्नल) ठेव, म्हणजे तू स्टेजवर नॉब फिरवलास तरी साउंडवाल्याकडे काही हलत नाही. हे त्याला आधीच जाऊन सांग, पुढच्या वेळी मॉनिटर न मागता मिळतो.

कोकणरेल्वे

चारतारी, दुसरं कॅब सेकंडहँड चालणार असेल तर व्यनि केलाय, आमच्या बँडचा बेसिस्ट बंगलोरला चाललाय, त्याचं १×१२ आहे, मागचं लेबल ८ ओहमचंच. फोटो पाठवतो.