अनुभव धागा: तासन्‌तास व्यायाम करताना तुम्ही काय खाता?

दीड-दोन तासांपुढे धावणं, सायकल किंवा चढाई चालू राहिली की स्नायूंतलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) ओसरू लागतं आणि पाय जड होतात. ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत, हा नेहमीचा हिशोब. पण ती कशातून मिळवायची? स्वतः खाऊन पाहिलेलंच लिहा, वेळ आणि प्रमाणासकट.

सायकलवाली, नाशिक
२०० किमीच्या ब्रेवेला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) साडेतेरा तास मिळतात. मी भुकेची वाट बघत नाही, पहिल्या तासातच खायला सुरुवात करते. हँडलबारच्या पिशवीत बिया काढलेले खजूर आणि चिक्की. चिक्की उन्हात पाघळून एकमेकींना चिकटते, म्हणून आदल्या रात्री छोटे तुकडे करून प्रत्येकाला बटर पेपर गुंडाळते. एका हाताने सोलता येतो. घाट लागला की चिक्की बंद, फक्त खजूर. शेंगदाण्यातलं तेल पचायला वेळ घेतं आणि चढावर धाप लागलेली असताना चावणंही जमत नाही. कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदणीच्या थांब्यावर, दहीभात मिळाला तर सोन्याहून पिवळं.

लांब पल्ल्याचा धावक, पुणे
दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्समध्ये, म्हणजे साधारण ९० किमीच्या शर्यतीत, वाटेवर मीठ लावलेले उकडलेले बटाटे मिळतात. म्हणून रविवारच्या लाँग रनलाही तेच नेतो: लिंबाएवढे बटाटे, सोललेले, मीठ चोळलेले. दोन तासांनी गोड नकोसं होतं, तेव्हा ही चव जिवात जीव आणते. पण १०० ग्रॅम बटाट्यात कर्बोदकं जेमतेम २० ग्रॅम, त्यामुळे जोडीला जेल (पाकिटातला दाट गोड पाक) लागतंच. जेलवर साधं पाणीच प्यावं. इलेक्ट्रॉलसोबत (क्षार-साखरेचं पाणी) घेतलं की माझं पोट ढवळतं. आणि हे सगळं सरावातच पचवून बघा. पळताना पोटाला रक्त कमी मिळतं, त्यालाही सवय लावावी लागते.

वारकरी, सातारा
माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते तो दिवस बहुतेक एकादशीचा असतो. तीसेक किलोमीटरची चाल, त्यात दिवेघाट आणि उपास. मी उकडलेली रताळी, राजगिऱ्याचे लाडू आणि केळी बांधून घेते. विसाव्याला अर्धं रताळं, घाटाच्या पायथ्याशी एक लाडू आणि घोटभर पाणी. वाटेत साबुदाण्याची खिचडी प्रेमाने पुढे करतात, तिला नाही म्हणवत नाही. पण तूप आणि दाण्याचं कूट पोटात जड बसतं, म्हणून घाटाआधी दोनच घास घेते. पोटभर खाणं सासवडला पोचल्यावर.

डोंगरभटका, कल्याण
मिठाबद्दल एवढंच. मे महिन्यात सह्याद्रीत नुसतंच पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली येऊन मळमळतं, डोकं दुखतं. माझ्या एका बाटलीत ओआरएस असतंच, आणि पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर एक लिटरच पाणी. अर्ध्या बाटलीत दाट कालवू नका, जुलाब होतात.