मीट प्लांटमधे अमोनिया आणि क्लिनिंग केमिकलची सेफ्टी, सुरुवात कुठून करू?

चिंचोळी_शिफ्ट
नमस्कार मंडळी. सोलापूरजवळ एका मीट प्रोसेसिंग प्लांटमधे शिफ्ट सुपरवायझर आहे. सेफ्टी ऑफिसर सोडून गेल्यापासून त्याचं कामपण माझ्याकडंच आलंय. ब्लास्ट फ्रीझर आणि कोल्ड स्टोरेज अमोनियावर चालतात, म्हणजे थंड करायचा गॅस तोच, धुलाईला कॉस्टिक सोडा, हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, ब्लीचचं पाणी) आणि एक ॲसिड येतं. परवा नाइटला मशीन रूममधे वास सुटला, एका व्हॉल्व्हचं ग्लँड (दांड्याभोवतीचं सील) लीक होतं, ऑपरेटरनं टाइट केलं आणि थांबलं. पण तेवढ्या वेळात पॅकिंगच्या बायका नेमक्या मशीन रूमकडच्याच दारानं पळाल्या, कारण येण्याजाण्याचं त्यांना तेच एक दार माहिती, दुसऱ्या दारासमोर क्रेट रचलेले. मॅनेजमेंट म्हणतं वास आला की कळतंच की. मला ते पटत नाही. पैसे थोडे मिळतील, आधी काय करू?

कंप्रेसर_ऑपरेटर
भाऊ, पहिलं म्हणजे ते क्रेट आजच्या आज हलवा, त्याला कुणाची परवानगी नको. मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जण गेले, गावातल्या प्रत्येकाला आठवतंय ते. २०१३ ला चीनमधे जिलिन प्रांतात चिकन प्लांटला आग लागली, अमोनियाचा स्फोट झाला आणि शंभराच्या वर माणसं गेली, तिथं बरीच दारं कुलपात होती.

आता वासाचं. नाकाला अगदी थोडा अमोनियापण कळतो हे खरंय, पण रोज त्यातच काम करणाऱ्याचं नाक सरावतं. आठ तासाच्या शिफ्टला २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागात २५ भाग) ही मर्यादा धरतात, आणि ३०० पीपीएमला जीवाचा धोका. यातला फरक नाकानं सांगता येत नाही, मीटरच पाहिजे. मशीन रूममधे एक डिटेक्टर आणि त्यावर आपोआप सुरू होणारा एक्झॉस्ट, पहिले पैसे तिथं घाला.

बाकी माझ्या अनुभवात प्लांट चालू असताना फारसं काही होत नाही, होतं ते ऑइल ड्रेन करताना, म्हणजे कंप्रेसरमधून अमोनियाबरोबर पुढं गेलेलं तेल काढताना. तेल अमोनियापेक्षा जड, ते तळाला बसतं आणि थंडीनं घट्ट होतं. ड्रेन व्हॉल्व्ह उघडला की काहीच येत नाही, मग माणूस अजून दोन आटे उघडतो, तरी येत नाही, अजून उघडतो, आणि मग तो घट्ट गोळा एकदम सुटतो आणि त्याच्यामागून लिक्विड अमोनिया अंगावर. लिक्विडचा गॅस झाला की साडेआठशे पट पसरतो, पळायला वेळ कुठला. म्हणून ड्रेन लाइनला साध्या व्हॉल्व्हच्या पुढं स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह पाहिजेच, हात सोडला की बंद होणारा. तेल जमतं तो पॉट बाकी लाइनपासून बंद करून, प्रेशर उतरवून, आणि दोन माणसं असतील तरच ड्रेन करायचं. व्हॉल्व्ह उघडा ठेवून चहाला जाणारे मी बघितलेत, तिथं मी भांडलोय.

आपल्याकडं अजून एक, बोअरच्या पाण्यानं कंडेन्सरला क्षार धरतो, एप्रिल-मे मधे बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस असतं आणि हेड प्रेशर (कंप्रेसरच्या पुढच्या बाजूचा दाब) चढत जातं. उन्हाळ्याच्या आधीच डिस्केलिंग करून क्षार काढून घ्या. आणि इन्सुलेशनखाली पाइप गंजतो तो वरून दिसत नाही, जिथं इन्सुलेशन फाटून बर्फ धरलाय तिथं आधी उघडून बघा.

क्यूए_ताई
दादांनी अमोनियाचं सांगितलंच आहे, पण धुलाईच्या केमिकलकडं कुणी बघत नाही. २०११ मधे अमेरिकेत आर्कान्सात एका चिकन प्लांटमधे कामगारानं हायपो एका ड्रममधे ओतायला घेतलं, ड्रमच्या तळाला ॲसिडवालं सोल्यूशन उरलेलं होतं, क्लोरीन निघाला आणि प्लांटभर पसरला. आत सहाशेच्या आसपास माणसं होती, दीडशेवर लोकांना दवाखान्यात ठेवावं लागलं. ड्रमवर लेबल होतं, पण इंग्रजीत, आणि त्या कामगाराला इंग्रजी वाचता येत नव्हतं.

आता आपल्याकडं बघा. सॅनिटेशनच्या नाइट टीममधे कुणी मराठी, कुणी कन्नड, कुणी तेलुगू, कुणी उर्दू बोलणारं, त्यात बाहेरून आलेली हिंदी बोलणारी पोरं, आणि कॅनवर सगळं इंग्रजी. त्यामुळं आमच्याकडं रंग ठरवले. हायपोची खोली वेगळी, ॲसिडची वेगळी, ओतायचे पंप आणि मापंपण वेगळ्या रंगाची, एकमेकांच्या कॅनला बसणारच नाहीत असे कपलिंग. रिकामा कॅन परत भरायचा नाही म्हणजे नाही. लेबल तीन-चार भाषांत आपणच छापून लॅमिनेट केलं, त्याला कितीसा खर्च येतो? आणि जिथं अमोनिया असेल तिथं हायपो ओतू नका, त्यातूनपण विषारी वायू होतो.

मोहोळचा_पाटील
ईटीपीची (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटची) टाकी विसरू नका. रक्त-चरबी कुजून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, जास्त झाला की नाकच मरतं, सडक्या अंड्याचा वास यायचा बंद होतो. एक आत पडला की दुसरा वाचवायला उतरतो आणि दोघं जातात. गॅस चेक आणि परमिट नसेल तर कुणालाच उतरू देऊ नका, मालकाचा मेव्हणा असला तरी.

चिंचोळी_शिफ्ट
सगळ्यांचे आभार. क्रेट काढले. आमच्याकडं कॅनिस्टरचे (गॅस शोषणारा डबा लावलेले) मास्क आहेत, मशीन रूमच्या आत कपाटात. ते पुरतील का? आणि लीक झाला तर लोकांना कुठं न्यायचं?

फायर_रिटायर्ड
मास्क आत ठेवून काय उपयोग, गॅस पण आतच असणार ना. दाराच्या बाहेर लावा. कॅनिस्टरचा मास्क थोड्या गॅसमधे बाहेर पळायला आहे, ३०० पीपीएमच्या वर लीक बंद करायला आत जायचं तर पाठीवर हवेच्या सिलिंडरवाला बीए सेटच (ब्रीदिंग अपरेटस), आणि बाहेर दुसरा माणूस तसाच तयार. बीए सेट नसेल तर आत जायचं नाही, १०१ ला फोन करा आणि गॅस कुठला हे पहिल्या वाक्यात सांगा.

गोळा व्हायची जागा एक ठेवू नका, दोन ठेवा, वेगवेगळ्या दिशांना. छतावर विंड सॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) लावा, वाऱ्याला आडवं निघायचं. अमोनिया हवेपेक्षा हलका असं पुस्तकात वाचून लोक फसतात, लिक्विड लीक झाला की थंड पांढरं धुकं जमिनीलगत सरकतं. त्या धुक्यावर पाण्याची फवारणी चालते, अमोनिया पाण्यात विरघळतो, पण खाली साचलेल्या लिक्विडवर पाणी मारलं तर ते अजून उकळतं.

डोळ्यात गेला तर निदान पंधरा मिनिटं सलग पाणी, आणि लगेच दवाखाना. कपडा चामडीला चिकटून गोठला असेल तर ओढायचा नाही, आधी पाणी ओतायचं. आपल्याकडं नळाला रोज पाणी कुठं येतं, म्हणून शॉवर आणि आयवॉशला वेगळी टाकी, तिला धुलाईचं कनेक्शन देऊच नका. फ्रीझरची दारं आतून उघडतात का तेपण स्वतः आत जाऊन बघा. शेजारच्या कारखान्यांना आणि खालच्या बाजूच्या वस्तीला नंबर देऊन ठेवा. मॉक ड्रिल नाइट शिफ्टला घ्या, सांगून नको.

चिंचोळी_शिफ्ट
मास्क उद्या बाहेर लावतो. डिटेक्टर मंजूर होईपर्यंत बारीक लीक कसा शोधू?

कंप्रेसर_ऑपरेटर
फिनॉल्फथॅलिनचा कागद ओला करून जॉइंटजवळ धरा, गुलाबी झाला की लीक तिथं. लॅब केमिकलच्या दुकानात मिळतो. शिफ्ट बदलताना सगळे ग्लँड आणि फ्लँज (पाइपचे बोल्टवाले जॉइंट) त्यानं फिरून बघायचे आणि लॉगबुकात सही.