बेकायदा बांधकामावर नोटीस निघाली, आता ‘माणसंच नाहीत’ म्हणतात. पुढे काय करावं?

गच्ची:
आमच्या सोसायटीला लागून असलेल्या इमारतीतल्या दुकानदाराने सामासिक अंतरात (इमारतीभोवती मोकळी सोडायच्या जागेत) पक्की भिंत घालून दुकान मागे वाढवलंय. अग्निशमनाची गाडी वळायला तेवढीच जागा होती. प्रभाग कार्यालयात तक्रार दिली, बीट निरीक्षक (त्या भागातली बांधकामं तपासणारे) पंचनामा करून गेले, एमआरटीपी म्हणजे नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची, बेकायदा बांधकाम काढायची नोटीसही निघाली. मग त्यांची बदली झाली. नव्या साहेबांकडे आणखी एका प्रभागाचा अतिरिक्त पदभार आहे. "माणसंच नाहीत, पोलीस बंदोबस्त मिळाला की बघू," एवढंच ऐकायला मिळतं. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वकील लावायच्या आधी काय करता येईल? कोणी असं प्रकरण शेवटाला नेलं असेल तर कृपया सांगा.

जुना_अभियंता:
नगररचना आणि अतिक्रमण, दोन्ही विभागांत नोकरी झाली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माणसं कमी आहेत हे बहुतेक ठिकाणी खरं असतं. आस्थापना खर्च (पगार वगैरे) ३५ टक्क्यांच्या वर गेला की भरती अडते, आकृतिबंध (मंजूर पदांचा आराखडा) मंजुरीच्या वाटेवर राहतो, आणि निवृत्त झालेल्याचं टेबल शेजारच्या कनिष्ठ अभियंत्याच्या गळ्यात पडतं. पण कारवाईची जबाबदारी पदावर असते. पदनिर्देशित अधिकारी (बेकायदा बांधकामावर कारवाईसाठी नेमलेला) बदलून गेला तर पदभार कोणाकडे दिला त्याचा लेखी आदेश असतो. तो मागा. पुरेसं कारण नसताना कारवाई टाळणाऱ्या अधिकाऱ्यावर एमआरटीपीच्या ५६अ कलमाखाली गुन्हा होऊ शकतो. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शीळला बेकायदा इमारत कोसळून ७४ जण गेले, तेव्हा महापालिकेचे अधिकारीही अटकेत गेले होते.

मला मात्र शंका वेगळीच आहे. नोटीस मिळाल्यावर माणूस याच कायद्याच्या कलम ४४ खाली बांधकाम कायम ठेवायची परवानगी मागू शकतो, आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोटीस लागू होत नाही. अर्ज जातो नगररचनेकडे, नोटिशीची फाइल राहते प्रभागात. दोन टेबलांमध्ये बोलणं होत नाही. असा अर्ज आला का, कधी आला, निकाल काय, हे आधी शोधा. दुसरं, दुकानदार दिवाणी कोर्टात स्थगितीला जाईल. महापालिकेने कॅव्हेट (आमचं ऐकल्याशिवाय स्थगिती देऊ नका, असा कोर्टातला अर्ज) टाकलंय का विचारा. ते ९० दिवसच टिकतं.

रेवती७:
काका म्हणतात अगदी तसंच आमच्याकडे झालं होतं. ४४ चा अर्ज फेटाळलेला होता, पण प्रभागाला कोणी कळवलंच नव्हतं. फाइल पाहिली म्हणून समजलं. सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात, त्या वेळेत जा. माहिती अधिकाराचा अर्ज करणार असाल तर एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत लिहा, नाहीतर तेवढ्यावरून परत येतो. पदभाराचा आदेश, ४४ चा अर्ज आणि बंदोबस्तासाठी पोलिसांना पाठवलेलं पत्र, तिन्हींसाठी वेगवेगळे अर्ज. ते पत्र गेलेलंच नसेल तर तेही लेखी मिळेल.

शिवाय अग्निशमन अधिकाऱ्यांकडे वेगळी तक्रार द्या, २००६ च्या राज्याच्या आग प्रतिबंधक कायद्याखाली ते स्वतंत्र नोटीस काढू शकतात.

सुहास_क:
एक काळजी घ्या. नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पाडकामाआधी किमान १५ दिवसांची नोटीस लागते, नोंदणीकृत टपालाने पाठवलेली आणि जागेवर चिकटवलेली. रस्ता-फुटपाथसारख्या सार्वजनिक जागेला सूट आहे, पण तुमचं बांधकाम खाजगी प्लॉटवर आहे. जुन्या नोटिशीत त्रुटी असेल तर नवी काढायला सांगा. घाई करून पाडलं तर स्थगिती त्याला मिळेल आणि प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळेल. तक्रार एकट्याच्या नावाने नको, सोसायटीच्या ठरावासकट लेटरहेडवर द्या. अशा प्रकरणात एकट्या माणसावर दबाव येतो.

गच्ची:
सगळ्यांचे मनापासून आभार. ठराव या रविवारच्या सभेत घेतो, सोमवारी फाइल बघतो. एक राहिलं. दुकानदार म्हणतो, वाढीव भागाची घरपट्टी भरतो, पावती आहे, म्हणजे बांधकाम नियमित झालं.

जुना_अभियंता:
नाही झालं. महापालिका अधिनियमाच्या २६७अ मध्येच लिहिलंय की बेकायदा इमारतीवर कर आणि दुप्पट शास्ती (दंड) घेतली म्हणून ती नियमित ठरत नाही. पावतीची प्रत मात्र मिळवा. बांधकाम केव्हापासून आहे त्याचा तो पुरावा आहे.