आयव्हन राइटमन : दिग्दर्शक की नुसती जुळवाजुळव?

चौकस : ‘कॅनडातून हॉलिवूडला गेलेल्या राइटमन यांना दिग्दर्शक म्हणणे म्हणजे लग्न जमवणाऱ्याला नवरदेव म्हणणे, विनोदी नट बिल मरे नसते तर त्यांना कोणी विचारले नसते,’ असे स्पष्टवक्ता यांनी काल लिहिले. हे वाचून गप्प बसवत नाही. भुते पकडणाऱ्यांवरच्या ‘घोस्टबस्टर्स’ (१९८४) या विनोदी चित्रपटाचा, नट-लेखक डॅन अ‍ॅक्रॉइड यांचा मूळ मसुदा भविष्यकाळात आणि भलत्याच मितींत घडणारा होता, तो तेव्हाच्या न्यूयॉर्कमध्ये आणून नवा धंदा थाटणाऱ्यांची गोष्ट करा, ही सूचना राइटमन यांची. लिफ्टमधला प्रसंग आठवा : अ‍ॅक्रॉइड यांच्या पाठीवरचे भुते पकडायचे यंत्र सुरू होताच त्यांचे दोघे साथीदार निमूटपणे भिंतीकडे सरकतात. तिथे ना भूत आहे, ना विनोदी वाक्य. माणसे कुठे उभी करायची याची जाण तेवढी आहे.

स्पष्टवक्ता : त्याच जाणकारांनी विनोदी नट रॉबिन विल्यम्स आणि बिली क्रिस्टल हाताशी असताना ‘फादर्स डे’ (१९९७) इतका रटाळ कसा केला, हेही सांगावे. शिवाय त्यांचा आरंभ जनतेच्या पैशावर झाला. त्यांनी निर्मिलेल्या, दिग्दर्शक क्रोनेनबर्ग यांच्या ‘शिव्हर्स’ (१९७५) या भयपटाला कॅनडाचा सरकारी निधी होता आणि त्यावरून समीक्षक रॉबर्ट फुलफर्ड यांनी ‘सॅटरडे नाइट’ मासिकात झोड उठवली होती.

टोरांटोवासी : निधीचे नाव काढलेच आहे, तर ऐका. सत्तरच्या दशकात कॅनडात चित्रपटात गुंतवलेली सगळी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होत असे, त्यामुळे डॉक्टर आणि वकीलही निर्माते झाले. माझे जुने घरमालक दंतवैद्य होते. त्यांनी पैसे घातलेला चित्रपट कुठल्याही चित्रपटगृहात लागला नाही, तरीही कर वाचला म्हणून ते खूश होते. त्या काळात ऑन्टॅरिओतल्या उन्हाळी शिबिरावर ‘मीटबॉल्स’ (१९७९) काढून तो अमेरिकेतही चालवून दाखवणाऱ्यावर पैशाचा ठपका ठेवणे हा कृतघ्नपणा आहे.

स्पष्टवक्ता : कृतघ्न कोण? मी तिथला करदाता नाही! आपल्या दंतवैद्यांचा राइटमन यांच्या दिग्दर्शनाशी काय संबंध?

टोरांटोवासी : जनतेच्या पैशाचा विषय आपण काढलात. चित्रपट पाहता की खातेवही तपासता?

चौकस : दोघांनीही आवरावे. ‘ट्विन्स’साठी (१९८८) राइटमन आणि त्यातले नट श्वार्झनेगर आणि डेव्हिटो यांनी मानधन न घेता नफ्यात वाटा मागितला. ज्याला स्वतःच्या कामावर भरवसा नाही, तो असा सौदा करीत नाही.

स्पष्टवक्ता : उत्तम. म्हणजे जुळवाजुळवीत ते पटाईत होते, हे माझेच म्हणणे आपण सिद्ध केलेत.

चौकस : मग ‘डेव्ह’चे (१९९३) काय? त्यात मरे नाहीत.

स्पष्टवक्ता : नाहीत. केविन क्लाइन आहेत, आणि राष्ट्राध्यक्षाचा तोतया अंदाजपत्रकाचा मेळ बसवायला आपल्या हिशेबनीस मित्राला बोलावतो, तो भाग मला आवडतो. तेवढ्या एका चित्रपटापुरते त्यांना दिग्दर्शक म्हणायला माझी हरकत नाही. ‘फादर्स डे’ मात्र आपण दोघांनी शेजारी बसून शेवटपर्यंत पाहावा.